बंद बागेतलं शिवलेलं पान

प्रश्न: आमच्या सोसायटीमागची बाग तीन वर्षं बंदच आहे, घसरगुंडी गंजलीय, कारंज्यात डास आणि यंदाच्या पावसात कंबरेएवढं गवत. परवा मुलगी कुंपणाच्या फटीतून आत गेली तर तिला एक पान कडेने चक्क दोऱ्याने शिवल्यासारखं दिसलं, फोटो पाठवतेय. हा कसला रोग आहे का? येत्या रविवारी आम्ही सगळे मिळून बाग साफ करतोय, काय काय काढू?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: ताई, आधी त्या झुडपाला हात लावू नका! रोगबिग काही नाही, ते शिंप्याचं घरटं आहे. शिंपी म्हणजे चिमणीपेक्षा लहान, पाठ हिरवट, कपाळ तांबूस, शेपूट सारखी वर आणि आवाज मात्र एवढा की वाटतं पक्षी केवढा असेल. फोटो झूम करून बघा, पानाच्या कडेला चोचीने पाडलेली बारीक भोकं आहेत आणि भोकाबाहेर कापसाचा इवलासा बोळा, मादी गाठ मारत नाही (शिवणकाम तिचंच), धागा ओढला की बाहेरचं टोक फुलतं आणि टाका अडकून राहतो. आमच्या टेलरने शिकावं, असो. अंडी असतील तर साधारण 12 दिवस उबवणं, मग पिल्लं उडायला अजून दोनेक आठवडे, म्हणजे महिनाभर तिथे जायचं नाही आणि पान उघडून बघायचं नाही.

बाकी साफसफाई करा की, फक्त ग्रास कटर सरसकट फिरवू नका. कारंज्यातलं पाणी आधी उपसा. गाजरगवत, आपलं काँग्रेस हो, ते फुलायच्या आत मुळासकट उपटा, पण हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून, मी एकदा उघड्या हातांनी उपटलं आणि आठ दिवस खाजवत बसलो. रुई मात्र राहू दे, तिची पानं उलटून बघा, काळे-पांढरे-पिवळे पट्टेवाली अळी दिसली तर ती बिबळ्या कडवा फुलपाखराची, रुईचा चीक तिला चालतो आणि त्यानेच ती पक्ष्यांना कडू लागते. कडेचं गवत बी धरेपर्यंत ठेवलंत तर मुनियांचे थवे येतील. टाकळा दिसला की भाजीचा मोह होईल पण बंद बागेत कुत्र्यांचा वावर असतो, तेव्हा तिथला नको.

फोटोतलं पान मला उंबराचं वाटतंय, लांबूनच अख्ख्या फांदीचा एक फोटो पाठवाल का?