लाल पोटाचा तो कोण होता?

प्रश्न: गेल्या रविवारी आम्ही मोलेला गेलेलो, तिथे जंगलातल्या वाटेवर एका फांदीवर एक पक्षी दिसला. डोकं काळं, छातीखाली सगळा लालभडक, मधे पांढरी पट्टी होती बहुतेक. गप्प बसलेला, दोन सेकंदात उडाला. मिस्टर म्हणतात निखार असणार. मला नाही पटत. रेअर काहीतरी होतं का? तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये.
– एक वाचक, वाळपई

उत्तर: मिस्टरांना सांगा, यावेळी तुम्ही जिंकलात! निखार नर पण काळा-लाल असतो, पण तो एका जागी ठरत नाही हो, चार-पाच जणांची टोळी झाडाच्या शेंड्यात सारखी इकडून तिकडे, आणि त्याला ती पांढरी पट्टीही नसते. तुम्ही सांगताय तो गप्प बसलेला म्हणजे कर्णा, मलबार ट्रोगन, आणि नरच, कारण मादी खालून लाल नसते, पिवळट तपकिरी असते.

आता रेअर म्हणाल तर तसा नाही. सह्याद्रीच्या दाट जंगलात आहे, श्रीलंकेतही आहे. पण दिसत नाही, आणि गंमत तिथेच आहे. एवढा लालभडक असून हा बऱ्याचदा आपल्याकडे पाठ करून बसतो, आणि पाठ एकदम मातकट. मी तीन खेपा मोलेला रिकाम्या हाताने परत आलो, भाजी-पाव खाऊन घरी, चौथ्या वेळी गाईडने बोट दाखवलं तरी मी म्हणतोय ते वाळकं पान आहे, आणि ते पान वळलं की!! समोर लाल पोट. कॅमेरा गळ्यात तसाच राहिला, फोटो शून्य, पण ती फांदी अजून आठवते. तुमचं डोक्यातून जात नाहीये ना, ते हेच.

परत जाणार असाल तर सकाळी लवकर जा, सावलीतल्या मधल्या उंचीच्या फांद्या बघा आणि मोबाईलवर त्याचा आवाज लावून बोलवू नका प्लीज, घरटं असेल तर बिचाऱ्याला उगाच त्रास. आणि तिथवर गेलाच आहात तर पिवळ्या अंगाचा, काळ्या डोक्याचा, लाल गळ्याचा बुलबुलही शोधा. तो आपला राज्यपक्षी, आणि निम्म्या गोव्याला माहीतच नाही.

प्रश्न: आमच्या फोंड्याच्या बिल्डिंगसमोर वडावर चिमणीएवढा हिरवा पक्षी येतो, छातीवर लाल डाग, गळा पिवळा. कोणाच्या पिंजऱ्यातून सुटलेला विदेशी आहे का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: अहो विदेशी कसला, आपला तांबट! भर दुपारी टुक टुक टुक असा भांडी ठोकल्यासारखा आवाज येतो ना, तो हाच. वडाची फळं खायला येतो. रोज दिसतो म्हणून कोणी वर बघत नाही, मोलेत दिसला असता तर तुम्ही पण गाडी थांबवली असती. एक काम करा, सोसायटीवाले वडाची वाळकी फांदी तोडायला आले तर आधी तिला खालून गोल भोक आहे का बघा, तो घरटं तसल्याच फांदीत कोरतो.