ठाणेदार हरले, मग नोव्हेंबरला घरी बसायचं का?

अमेरिकेचं नागरिकत्व मिळाल्यावरचं पहिलंवहिलं मत मंगळवारी (७ ऑगस्ट २०१८) मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, तुम्ही श्री ठाणेदारांना दिलंत. ते तिसरे आले, ग्रेचेन व्हिटमर जिंकली, आणि आता तुम्ही लिहिताय, "व्हिटमर काय, जुन्या गोटातलीच बाई. ६ नोव्हेंबरच्या अंतिम निवडणुकीला मी घरीच बसतो." राग कळतो. पण मी बावीस वर्षं इथे मिशिगनमध्ये, ट्रॉयला राहते आणि कट्टर डेमोक्रॅट आहे, तेव्हा माझ्या उत्तरात तटस्थपणा शोधू नका.

आधी कबुली देते. मी ठाणेदारांना मत दिलं नाही. बेळगावचा मराठी माणूस गव्हर्नरपदाला उभा, म्हटल्यावर आमच्याकडच्या पॉटलकमध्ये (सगळे आपापला पदार्थ घेऊन येतात त्या जेवणात) काय वातावरण होतं ते विचारू नका. "बेळगाव महाराष्ट्रात यायचं तेव्हा येईल, बेळगावकर आधी मिशिगनच्या राजधानीत, लान्सिंगला बसतोय," यावर मीही हसलेय. त्यांचं नाव उच्चारताना लोकांची बोबडी वळते ती जाहिरात तर झकासच होती. पण स्वतःचे कोटभर डॉलर खर्च करून टीव्हीवर नाव झालं, तरी आमच्या भागात त्यांच्या प्रचारासाठी दार वाजवणारं कोणी मला दिसलं नाही. शिवाय मी १९९८ पाहिलंय. तेव्हा मला मत नव्हतं, नुसती बघत होते. रुग्णांना इच्छामरणासाठी मदत करणाऱ्या डॉ. केव्होर्कियनचा वकील जेफ्री फायगर, टीव्हीवर गाजलेला गडी, त्याने आमची प्रायमरी मारली. त्या रात्री काय जल्लोष! नोव्हेंबरात रिपब्लिकन गव्हर्नर एंगलरने ६२ टक्के मतं घेऊन आमच्या पक्षाला पार झोपवलं. तेव्हापासून नुसत्या गाजलेल्या नावाची मला धास्तीच वाटते.

माझं मत तिसऱ्या उमेदवाराला, डाव्या विचारांच्या अब्दुल एल-सय्यदला होतं. म्हणजे माझाही उमेदवार पडलाच. त्याच विचारांचे नेते बर्नी सँडर्स येऊन गेले, ओकासिओ-कोर्टेझ येऊन गेली, सभांना तरुण पोरांची ही गर्दी, आणि मतं ३० टक्के. व्हिटमरला ५२, आणि राज्यातल्या ८३च्या ८३ काउंट्या (जिल्हे) तिच्या. टीव्हीने निकाल जाहीर केला तेव्हा माझा चहासुद्धा संपला नव्हता. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता हिशेब बघा. एल-सय्यदचे ३० आणि ठाणेदारांचे जवळजवळ १८ टक्के. म्हणजे आपल्या बाजूच्या मतदारांतले निम्म्याला थोडेच कमी लोक मंगळवारी रात्री तुमच्या-माझ्यासारखे तोंड पाडून झोपले. यातला थोडा भाग जरी रुसला तरी रिपब्लिकन उमेदवार शूटी गव्हर्नर झालाच समजा, आणि त्याच्या पाठीशी ट्रम्प उघड उभा आहे.

रुसण्याची किंमत मी २०१६ला मोजलीय. मार्चच्या प्रायमरीत सर्व्हे म्हणत होते हिलरी वीसेक टक्क्यांनी पुढे, आणि सँडर्स दीड टक्क्याने जिंकले. त्या रात्री आम्ही नाचलो होतो. पुढे उमेदवारी हिलरीला गेली, आणि नोव्हेंबरात ट्रम्पने मिशिगन १०,७०४ मतांनी घेतलं. त्याच दिवशी ७५ हजारांवर लोकांनी मतपत्रिका भरली, पण राष्ट्राध्यक्षाचा रकाना कोरा सोडला. त्यातला एक माझ्याच गाडीत बसून मतदानाला आला होता. परतताना मोठ्या अभिमानाने सांगितलं त्याने. त्याच्याशी मी अजून धड बोलत नाही, त्याबद्दल मला चार शब्द सुनवायचे तर सुनवा.

दुसरं, "आपली प्रायमरीची मतं जास्त, म्हणजे नोव्हेंबर खिशात," असंही कोणीतरी म्हटलंय. आपल्या बाजूला अकरा लाखांवर, त्यांच्या बाजूला दहाच्या आसपास, हे खरं. पण मिशिगनमध्ये मतदाराची पक्षनोंदणीच नसते. ज्याला जो रकाना आवडेल तो तो भरतो (दोन्ही पक्षांचे भरले की ती सगळी मतं बाद, पहिल्यांदा जाणारे हमखास करतात, तुम्ही नाही ना केलंत?). तेव्हा प्रायमरीत आपला रकाना भरणारा नोव्हेंबरातही आपलाच असेल असं नाही, त्या आकड्यावर पेढे वाटू नका.

एकेका मताचं काय, तर डेट्रॉइटकडची, खासदार जॉन कॉन्यर्सनी राजीनामा दिल्याने रिकामी झालेली जागा बघा. एकाच रात्री दोन प्रायमरी झाल्या, एक त्यांच्या मुदतीच्या उरलेल्या काही आठवड्यांसाठी, दुसरी पुढच्या दोन वर्षांसाठी. पहिली ब्रेंडा जोन्सने जिंकली, दुसरी रशीदा तलीबने, आणि तीही हजाराच्या आतल्या फरकाने. नोव्हेंबरात तिथे समोर रिपब्लिकन उमेदवारच नाही.

व्हिटमर मला सावध वाटते. सगळ्यांसाठी सरकारी आरोग्यविम्याची गोष्ट काढली की अंग चोरते. पण रस्ते नीट करणार म्हणते, आणि आपल्या खड्ड्यांत टायर गमावलेल्या माणसाला ते पुरेसं आहे. तीही नको असेल तर मतपत्रिकेवर इतर बरंच काही असेल. मतदारसंघांच्या सीमा राजकारण्यांच्या हातून काढून नागरिकांच्या आयोगाकडे द्यायचा प्रस्ताव राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात ४ विरुद्ध ३ असा, जेमतेम आठवड्यापूर्वी, वाचलाय. माझ्या लेखी तो गव्हर्नरपदाइतकाच मोलाचा आहे.

घर बदललं असेल तर मतदारयादीतला पत्ता यंदा (२०१८ला) ९ ऑक्टोबरच्या आत बदलून घ्या. या २०१८च्या नियमांप्रमाणे टपालाने मत द्यायला साठीच्या आतल्यांना कारण द्यावं लागतं, म्हणून ६ नोव्हेंबरच्या मंगळवारसाठी ऑफिसात आत्ताच सांगून ठेवा. आम्ही काहीजण सप्टेंबरपासून दर शनिवारी दारं वाजवत फिरणार आहोत. व्हिटमरचं नाव जिभेवर येत नसेल तर तुम्ही त्या प्रस्तावाचीच पत्रकं वाटा. गाडीत एक जागा रिकामी आहे. दोन वर्षांपूर्वी तिथे कोण बसायचा ते सांगितलंच.