घराच्या संरक्षणासाठी आणि रेंजवर नेमबाजीसाठी एकच हत्यार घ्यायचं तर कुठलं घ्यावं: रिव्हॉल्व्हर, पिस्तूल की १२ बोअर?

तुम्ही लिहिलंय की उलव्याला तळमजल्यावर राहता, आजूबाजूला दोन घरफोड्या झाल्यात, बायको रात्रपाळीच्या दिवसांत एकटी असते आणि तुम्हाला नेमबाजीची पहिल्यापासून आवड आहे, तर दोन्ही कामांना चालेल असं एकच हत्यार सुचवा. असं हत्यार नाहीये. कोणी दुकानदार 'आहे' म्हणाला तर तो तुम्हाला त्याच्याकडे पडलेला माल विकतोय.

तुम्ही पाठवलेल्या यादीतलं ग्लॉक, म्हणजे ते परदेशी ९ एमएम पिस्तूल, आधी खोडा. ९ एमएम आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर आहे, म्हणजे बंदी असलेल्या मापाचं, सामान्य माणसाच्या लायसन्सवर मिळत नाही, अमेरिकेतले व्हिडिओ बघून यादी केली की असं होतं. तुमच्या हातात येऊ शकतं ते पॉइंट ३२चं (हे नळीचं माप, इंचात) रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, १२ बोअर म्हणजे छऱ्यांची लांब बंदूक, पॉइंट २२, आणि पॉइंट ३१५ची रायफल, जिचा फ्लॅटमध्ये काहीच उपयोग नाही. आणि रिव्हॉल्व्हरचं पॉइंट ३२ आणि पिस्तुलाचं पॉइंट ३२ ही दोन वेगळी काडतुसं आहेत, एकाचं दुसऱ्यात चालत नाही. हे सांगतेय कारण माझ्या सख्ख्या भावाला हे माहीत नव्हतं, आणि तो गेली बारा वर्षं मला हत्यारांवर लेक्चर देतोय.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते, कारण तुमचा प्रश्न वाचून मला तीच आठवली.

आम्ही मूळचे ओतूरचे. बाबांचा कांदा-बटाटा मार्केटमध्ये गाळा, आधी मस्जिद बंदरला आणि मार्केट हललं तेव्हा वाशीला. रोजची रोकड घेऊन घरी यायचं म्हणून १९९७ला त्यांनी लायसन्स काढलं आणि कानपूरचं पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर घेतलं, ते मधून मोडून उघडतं ना, जुन्या इंग्रजी वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या धर्तीवरचं, सहा गोळ्यांचं. वाशीलाच सिडकोचं रो हाऊस. मागच्या खोलीत लोखंडी कपाट, त्याच्या आतल्या लॉकरमध्ये रिव्हॉल्व्हर, लॉकरची किल्ली देव्हाऱ्याच्या खणात, आणि दादाचा मुलगा रांगायला लागल्यापासून काडतुसं वेगळ्या डब्यात स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर. बाबा शिस्तीचे होते, उशाखाली ठेवायचे नाहीत, चारचौघांत नावही काढायचे नाहीत.

२०१४च्या लोकसभेच्या वेळी आचारसंहिता लागली तशी पोलीस स्टेशनची नोटीस आली, हत्यार जमा करा. बाबांनी काडतुसांसकट नेऊन दिलं, पावती घेतली. २४ एप्रिलला आपल्याकडे मतदान झालं पण निकाल १६ मेला होता, तोपर्यंत हत्यार परत मिळणार नव्हतं आणि दादाची त्यावरून रोज चिडचिड चाललेली. त्याच आठवड्यात घरी चोरी झाली.

उकाडा असा होता की आम्ही सगळे, आई-बाबा, दादा-वहिनी, त्यांचा मुलगा, आणि माहेरी आलेली मी, पुढच्या एकाच एसीच्या खोलीत दार लावून झोपलो होतो. एसीचा आवाज, त्यात बाहेर काही ऐकू येणं शक्यच नाही. मोरीच्या बाजूच्या खिडकीचे दोन गज कापून, स्लाइडिंगची काच अलगद काढून ठेवून ते आत आले. आईला सकाळी साडेपाचला दूध घ्यायला उठल्यावर कळलं. काच फुटली नव्हती, भिंतीला नीट टेकवून ठेवली होती, ते बघून आई जास्त घाबरली. मागच्या खोलीतलं कपाट उचकटलेलं, लॉकर पहारीने वाकवलेलं. आईच्या पाटल्या गेल्या, चाळीसेक हजार रोख गेली, आणि रिव्हॉल्व्हरचं रिकामं चामड्याचं पाकीट गेलं. ते पाकीट दुपारी मागच्या नाल्याच्या कडेला पडलेलं मिळालं. उघडून बघितलं असणार, रिकामं निघालं म्हणून फेकलं.

पंचनामा चालू असताना दादा हवालदारांसमोर म्हणाला, "घरात असतं तर एकाला तरी आडवा केला असता." बाबा काही बोलले नाहीत, नंतर चहा घेताना मला हळूच म्हणाले, "बरं झालं गं, जमा होतं." तेव्हापासून आमच्या घरात दोन पक्ष आहेत.

मे महिन्यात हत्यार परत आल्यावर एका दुपारी मी बाबांना म्हटलं, आता झोपेतून उठल्यासारखे उठा आणि ते हातात घेऊन दाखवा, मी घड्याळ लावते. काडतुसं भरायची नाहीत, डबा हातात घेतला की थांबायचं. चष्मा, देव्हारा, किल्ली, कपाट, लॉकर, मग स्वयंपाकघर, स्टूल, डबा. दोन मिनिटं दहा सेकंद, दिवसाढवळ्या, घरात कोणी परकं नसताना. आणि त्या रात्री ते कपाट ज्या खोलीत होतं त्याच खोलीत चोर होते. म्हणजे आमच्याआधी ते त्यांच्या हाताला लागलं असतं, मग गहाळ हत्याराची तक्रार, लायसन्सवर गंडांतर, आणि पुढे कुठे ते वापरलं गेलं असतं तर बाबांनी उरलेलं आयुष्य त्याचाच विचार करण्यात काढलं असतं. मी ओळखत होते त्यांना.

यावर दादाचं उत्तर ठरलेलं, मग उशाखाली ठेवायचं. घरात चार वर्षांचं पोर. मी पुढे काही बोलत नाही.

तर तुमच्या प्रश्नातली अडचण हीच आहे. पटकन हाताला यायचं तर कुलूप नको आणि पोरं, मोलकरीण, चोर यांच्यापासून जपायचं तर कुलूप हवं. तळमजल्यावर दोन खोल्यांच्या घरात याला मधला मार्ग मला आजपर्यंत सापडलेला नाही.

रेंजचं सांगते, कारण ती माझी आवडीची जागा आहे. त्या चोरीनंतर वर्षभराने, चौतिसाव्या वर्षी, मी खारघरला १० मीटरच्या रेंजवर नाव घातलं. मनात होतं की दादाशी भांडायचं तर निदान विषय कळायला हवा. एअर पिस्तूल उचललं आणि अडकलेच. एका हाताने, टेका न देता, ११.५ मिलिमीटरचं दहा गुणांचं वर्तुळ, ६० शॉट. एअर रायफलवाल्यांचं दहा तर नुसता अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो. आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ला कैरोला त्या ठिपक्यावर वर्ल्ड चॅम्पियन झाला, पनवेलच्या सुमा शिरूर यांनी कितीतरी मुलं घडवली, आणि २०२४ला पॅरिसला कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम धरायचा) ब्राँझ आणलं. आपल्या भागात हा खेळ इतका जवळ आहे आणि लोक त्याच्याकडे चोर मारायची तयारी म्हणून बघतात, याचा मला राग येतो.

सुरुवातीला लायसन्सही लागत नाही. ४.५ एमएम म्हणजे पॉइंट १७७ची, २० जूलपर्यंतच्या ताकदीची एअरगन ओळखपत्र दाखवून घेता येते. पण पहिले सहा महिने काहीच विकत घेऊ नका, क्लबचं हत्यार वापरा. वॉल्थर, स्टायर, मोरिनी, पार्दिनी ही नावं कानावर पडतील, किमती लाखांत असतात, आणि ग्रिप तुमच्या हाताला बसते की नाही हे हाताला वळण लागल्याशिवाय कळतच नाही. स्वतःचं घेतलं की घरी भिंतीकडे तोंड करून रिकामं ट्रिगर दाबायचा सराव करा, ड्राय फायर म्हणतात, माझे निम्मे गुण त्यातून वाढलेत. पुढे २५ मीटरला जावंसं वाटलं तर पॉइंट २२, त्याला लायसन्स लागतं आणि तिथे असोसिएशनची मेंबरशिप, स्पर्धांचे स्कोअर यांचा उपयोग होतो. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे, तिथे चौकशी करा.

आणि हे रेंजचं पिस्तूल घरात चोरासमोर धरायचं नाही. एअर पिस्तुलाचा छर्रा माणसाला थांबवत नाही, डोळा मात्र फोडू शकतो, आणि समोरच्याला ते खरं वाटलं तर तो हातातला सुरा आधी चालवेल. उलटं बघितलं तर बाबांचं रिव्हॉल्व्हर रेंजवर निरुपयोगी, नळी आखूड, चाप इतका जड की दाबताना हातच हलतो, खडकीच्या सरकारी कारखान्याची काडतुसं मोजूनमापून मिळणार, ती कागदावर कोण उडवणार. बाबांनी चोवीस वर्षांत ते एकूण बारा वेळा चालवलं. दादाने एकदाही नाही.

दादा मला म्हणतो, "तू कागदावर दहा मारतेस, माणूस समोर आल्यावर कळेल." मी सांगते काय कळेल ते. जिल्हा स्पर्धेत पहिल्या शॉटला माझी छाती अशी धडधडते की पिस्तुलाच्या टोकावरची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, नाडीबरोबर वरखाली होते. समोर कोणी सुरा घेऊन उभं नसतं, पुरेसा वेळ असतो, उजेड असतो, मागे कोच असतो. दहा वर्षं आठवड्यातून तीन दिवस हेच करणाऱ्या बाईची ही अवस्था. अंधारात, झोपेतून उठून, ज्याने आयुष्यात चाप ओढलेला नाही त्याने दहा फुटांवरून 'एकाला तरी आडवा' करायच्या गप्पा मारू नयेत. आमच्या घरात पुढच्या खोलीत सहा माणसं होती.

कायद्याचं थोडक्यात. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आहे, स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये. रात्रीच्या घरफोडीत तुम्हाला बराच हक्क दिलाय, अगदी जीव घेण्यापर्यंत, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि चोर घराबाहेर पडला की घरफोडीपुरता हक्क तिथेच संपतो. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर तुम्ही आरोपी. मी वकील नाही, तुमच्या बाबतीत नीट विचारून घ्या. लायसन्ससाठी अर्ज पोलीस आयुक्तालयात, ऑनलाइन भरता येतो, पोलीस चौकशी होते, हत्यार हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागतं. २०१९पासून मुदत पाच वर्षं आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं. नुसतं 'आमच्याकडे चोऱ्या होतात' एवढ्यावर मिळणं अवघड, तुम्हाला स्वतःला धोका आहे हे दाखवावं लागतं.

आमच्या घरी चोरीनंतर जे केलं त्याचा खर्च रिव्हॉल्व्हरच्या पाव किमतीतही नव्हता. मागच्या खिडक्यांना भिंतीत रुतवलेलं जाड ग्रिल, दोन्ही दारांना सेफ्टी डोअर आणि आतून आडवा अडसर, मोरीच्या बाजूला हालचालीने पेटणारा दिवा, आणि शेजारच्या काकांकडे वाजणारी बेल. झोपायच्या खोलीचं दार आतून पक्कं बंद होईल असं करा, बायकोला सांगा आवाज आला तर तिथेच थांबून ११२ लावायचा, बाहेर यायचं नाही. दागिने बँकेच्या लॉकरला.

एक राहिलं, माझं सगळं शहरातल्या चिकटून असलेल्या घरांबद्दल आहे. मुरबाड-शहापूरकडे शेतावर एकटं घर असेल, पोलीस यायला तास लागत असेल, तर १२ बोअर ठेवणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, माझ्या मामांकडे आहे आणि ते ती दर दिवाळीला उघडून पुसतात, चालवताही येते त्यांना. तुमच्यावर खरंच कोणाची धमकी असेल तरी गोष्ट वेगळी, मग पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हरच घ्या, पिस्तुलापेक्षा साधं, एखादी गोळी उडाली नाही तरी परत चाप ओढला की पुढची समोर येते. पण आधी शिका.

बाबा २०२१ला गेले. रिव्हॉल्व्हर सध्या डीलरकडे जमा आहे, दादाने वारस म्हणून अर्ज केलाय आणि त्याला आईची आणि माझी ना हरकत हवीये. आईने सही दिली. मी दादाला म्हटलं, सहा महिने माझ्याबरोबर रेंजवर ये, रविवारी सकाळी आठला, मी गाडी घेऊन येते तुझ्याकडे, मग लगेच सही करते. अजून आलेला नाही. कागद माझ्या पिस्तुलाच्या पेटीत ठेवलाय.