उभ्या गाडीची बॅटरी: दर रविवारी इंजिन चालू करणं आधी थांबवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही मस्कतला, गाडी सांगलीत गावभागातल्या घरी, वर्षातले आठ-नऊ महिने नुसती उभी. लहान पेट्रोल गाडी, ३५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) बॅटरी. वडिलांना डोळ्यांमुळे आता चालवायला जमत नाही, पण तुम्ही सांगून ठेवल्याप्रमाणे ते दर रविवारी न चुकता दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतात. तरी दोनदा बॅटरी उतरली आणि दोन्ही वेळा शेजाऱ्याच्या गाडीवरून जंपर लावावा लागला. आता मोठी बॅटरी टाकू, चार्जर घेऊ, की दहाऐवजी वीस मिनिटं चालू ठेवायला सांगू, असं तुम्ही विचारताय.

आधी उत्तर सांगतो. रविवारचं चालू करणं पूर्ण थांबवा. बॅटरी एकदा चार्जरवर पूर्ण भरून घ्या, निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा, आणि दीड-दोन महिन्यांनी एकदा पुन्हा चार्जर लावा. मोठी बॅटरी नको. पावसाळ्याचं मात्र तुमच्या पत्त्यामुळे वेगळं आहे, ते पुढे लिहितो.

आता वडील एवढं नेमाने करत असून बॅटरी का उतरते ते बघा, कारण हिशोब एकदा समजला की त्यांनाही पटेल. गाडी लॉक करून बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉकिंग, इमोबिलायझर (चोरीविरोधी यंत्रणा), ईसीयूची म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची मेमरी यांना थोडा करंट लागतच असतो. धडधाकट गाडीत तो साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असतो. ३० धरला तरी दिवसाला ०.७ एएच, म्हणजे आठवड्याला ५ एएच गेले. सेल्फ मारताना शंभर-दीडशे अँपिअर जातात खरे, पण दोनच सेकंद, त्यामुळे तो खर्च नगण्य. खरी गोची पुढे आहे. आयडलिंगवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, बॅटरी भरणारा अल्टरनेटर जेमतेम फिरतो. त्यातून रेडिएटरचा फॅन, इंजिनाचा स्वतःचा खर्च आणि वडील एसी लावून बसले असतील तर ब्लोअर, हे सगळं भागवून बॅटरीला समजा १० अँपिअर मिळाले. दहा मिनिटांत भरले दीड एएच. गेले पाच, आले दीड. गळक्या टाकीत आठवड्याला तांब्याभर पाणी ओतल्यासारखं आहे हे. पाच-सहा आठवड्यांत बॅटरी निम्म्यावर येते आणि एखाद्या रविवारी सेल्फला टकटक आवाज येऊन मीटरचे दिवे मंद होतात. वीस मिनिटं चालवूनही तोटाच राहतो. आणि डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर किंवा बाहेरून बसवलेला सायरन असेल तर हा हिशोब कुठल्या कुठे जातो. फास्टॅगला मात्र दोष देऊ नका, त्यात बॅटरी नसते आणि तो गाडीतून काही घेतही नाही.

नुसती उतरली, पुन्हा भरली, एवढ्यावर भागत असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. लेड-ॲसिड बॅटरी वापरली की प्लेटांवर लेड सल्फेट जमतं आणि चार्ज केली की ते परत विरघळतं, हे तिचं नेहमीचं काम. पण अर्धवट भरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली की त्या सल्फेटचे कडक खडे होतात आणि मग ते चार्जरलाही दाद देत नाहीत. बॅटरीची ताकद कायमची कमी होते. म्हणून उभ्या गाडीची बॅटरी कशाने मरते विचाराल तर, अर्धी रिकामी ठेवल्याने. तुमच्या वडिलांच्या रविवारांनी ती महिनोन्‌महिने नेमकी त्याच अवस्थेत राहिलीय. शिवाय दहा मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही. सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाण्याचा अंश राहतो, थोडं पेट्रोलही ऑइलमध्ये उतरतं. म्हणजे त्या दहा मिनिटांत इंजिनाचंही भलं होत नाही.

तुमचा कुणी चुलतभाऊ, भाचा पंधरा दिवसांतून एकदा गाडी घेऊन नरसोबाच्या वाडीला दर्शनाला जाऊन येणार असेल तर उत्तम. तासभर रस्त्यावर पळालेली गाडी आणि तासभर दारात घुरघुरणारी गाडी यात फार फरक आहे. पण असा माणूस नक्की मिळणार नसेल तर त्याच्या भरवशावर राहू नका, टर्मिनल काढा.

टर्मिनल काढायला बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. काढताना आधी निगेटिव्ह, म्हणजे काळी वायर, आणि तुमच्या कामाला तेवढी एकच पुरे. पॉझिटिव्हला हात लावायचं कारणच नाही. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हचा नट सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतं, ठिणगी उडते, पाना जागीच चिकटू शकतो. नट पूर्ण काढू नका, ढिला करा आणि क्लँप डावी-उजवीकडे हलवत वर ओढा. हातोडीने ठोकायचं नाही, बॅटरीचा खांब आतून हलतो. काढलेली वायर ताठ असते, सोडली की परत खांबाकडे झेपावते. त्यासाठी जुन्या सायकलच्या ट्यूबचा वीतभर तुकडा त्या क्लँपवर चढवा आणि वायर बाजूला वळवून ठेवा. खांबावर पांढरे-हिरवे क्षार आले असतील तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, पुसून कोरडं करा, वर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा.

वडिलांना दर वेळी पाना घेऊन वाकायला लावणं मला बरोबर वाटत नाही. निगेटिव्ह खांबावर बसणारा कट-ऑफ स्विच मिळतो, मोठी चकती फिरवली की सर्किट तुटतं. तो एकदा ऑटो इलेक्ट्रिशियनकडून घट्ट बसवून घ्या. ढिला बसला तर तोच नवा त्रास होतो.

टर्मिनल काढण्याआधी दोन गोष्टी बघून ठेवा. बॅटरी तुटली की रिमोट आणि सेंट्रल लॉक बंद, त्यामुळे दार साध्या किल्लीने उघडतं ना ते आधी तपासा. की-लेस गाडी असेल तर रिमोटच्या पोटात पत्र्याची किल्ली असते, ती वडिलांना काढून दाखवा. बोनेटची दोरी गाडीच्या आत असते, हे त्या घाईत आठवत नाही. दुसरं म्हणजे म्युझिक सिस्टीम कोड मागणारी असेल तर कोड लिहून ठेवा. पुन्हा जोडल्यावर घड्याळ लावावं लागेल, ऑटो काच एकदा पूर्ण खाली-वर करून शिकवावी लागेल, पहिली काही मिनिटं आयडलिंग थोडं कमी-जास्त होईल. यात घाबरण्यासारखं काही नाही.

एक डिजिटल मल्टिमीटर घरात ठेवाच, तीन-चारशे रुपयांचं काम आहे. गाडी बंद करून रात्रभर गेल्यावर सकाळी खांबांवर मोजायचं. १२.६ किंवा १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे पाव. नुकतीच चार्ज केलेली बॅटरी तेरा दाखवते, त्या आकड्यावर जाऊ नका. वडिलांना एकच आकडा सांगा: १२.४ दिसलं की चार्जर. निगेटिव्ह काढलेली चांगली बॅटरी साधारण दोन-तीन महिने त्याच्या वर राहते. पण आपल्याकडचा एप्रिल-मे लक्षात घ्या. बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग तापमान दहा अंशांनी चढलं की जवळपास दुप्पट होतो, आणि पत्र्याच्या शेडखाली दुपारी बोनेट हाताला चटका देतं. म्हणून थंडीत दोन महिने, उन्हाळ्यात दीड, असं धरा.

चार्जर ऑटोमॅटिक घ्या, १२ व्होल्टचा, ३ ते ५ अँपिअरचा. भरल्यावर तो स्वतःच फ्लोटवर, म्हणजे साडेतेरा व्होल्टच्या आसपास उतरला पाहिजे. जुन्या पद्धतीचा लोखंडी डब्यातला ट्रान्सफॉर्मर चार्जर रात्रभर विसरलात तर बॅटरी उकळते, पाणी आटतं आणि हायड्रोजन सुटतो. तो गॅस पेट घेतो, म्हणून कोणताही चार्जर लावताना जागा हवेशीर हवी, बोनेट उघडं हवं आणि जवळ उदबत्तीसुद्धा नको. आधी लाल चिमटा, मग काळा, आणि शेवटी भिंतीवरचं बटण. काढताना उलट. बॅटरीला झाकणं असतील तर पातळी बघा आणि प्लेटा उघड्या दिसल्या तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. आरओचं पाणी चालत नाही, ॲसिड तर अजिबात घालायचं नाही.

चार्जर कायमचा लावून ठेवला तर चालेल का, असं तुम्ही विचाराल. चांगल्या चार्जरला हरकत नाही, फक्त वीज जाऊन परत आल्यावर तो आपणहून सुरू होतो का ते स्वतः बटण बंद-चालू करून बघा. काही चार्जर परत आल्यावर नुसते लुकलुकत बसतात, कुणीतरी बटण दाबेपर्यंत. तुमचे आई-वडील घरात एकटे असतात, तर पोर्चमध्ये महिनोन्‌महिने एक्स्टेन्शन वायर पसरून ठेवण्यापेक्षा दीड महिन्याने एक दिवस लावलेला मला बरा वाटतो. सकाळी लावा, संध्याकाळी काढा. निम्मी उतरलेली ३५ एएचची बॅटरी ४ अँपिअरवर पाच-सात तासांत भरते.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या वायरी या बॅटरीला लावून चार्ज करायचा सल्ला कुणीतरी देईलच. देऊ दे. इन्व्हर्टर १५० एएचच्या बॅटरीसाठी बनवलेला असतो, तो दहा-पंधरा अँपिअर ढकलतो. तुमच्या बॅटरीला साडेतीन-चार पुरे. बॅटरी बाहेर काढून ठेवली तर जमिनीवर ठेवू नको, उतरते, असंही जुनी माणसं म्हणतात. आजच्या प्लॅस्टिकच्या डब्यात तसं होत नाही, पण वडिलांचा आग्रह असेल तर फळीवर ठेवा, त्याने काही बिघडत नाही. त्यांना मात्र ती उचलू देऊ नका, नऊ-दहा किलो असते आणि वाकून उचलावी लागते. सौर पॅनेल तुमच्या बंद पोर्चमध्ये उपयोगाचं नाही.

आता पावसाळा. इथे माझं मत इतरांपेक्षा कडक आहे, कारण घर कृष्णाकाठच्या गावभागात आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, २०२१ च्या जुलैत पुन्हा तोच फेरा. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. पाणी चढायला लागलं की त्या भागातल्या गाड्या एकाच वेळी बाहेर निघतात, आणि त्या तासाला ऑटो इलेक्ट्रिशियन, जंपर, शेजारी, कुणीही मिळत नाही. उतरलेल्या बॅटरीची गाडी तिथेच राहते. गिअर ऑटोमॅटिक असेल तर ढकलून चालूही होत नाही, आणि हँडब्रेक बटणाचा असेल तर वीज नसताना तो सुटतही नाही. म्हणून माझा सल्ला असा की जूनमध्येच गाडी कुपवाड-मिरजेच्या बाजूला उंचावर राहणाऱ्या नातेवाइकांकडे नेऊन ठेवा, टर्मिनल तिथे काढा. ते जमत नसेल तर जून ते सप्टेंबर बॅटरी महिन्याला भरा, पाना आणि किल्ली एकाच खिळ्यावर लटकवा, आणि गाडी हलवायला कोण येणार त्याचं नाव आत्ताच ठरवा. कोयना धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की त्या माणसाला फोन. ४० फुटांची वाट बघायची नाही. त्या चार महिन्यांत हँडब्रेक ओढून ठेवू नका, दमट हवेत ब्रेक चिकटतात. गाडी गिअरमध्ये आणि चाकाला लाकडी ठोकळा, एवढं पुरे.

राहिला प्रश्न आत्ताच्या बॅटरीचा. दोनदा पूर्ण उतरलीय म्हणजे थोडी मार खाल्लेली असणारच, पण लगेच टाकून देऊ नका. बॅटरीवाल्याकडे सावकाश पूर्ण चार्ज करून घ्या, रात्रभर नुसती ठेवा आणि सकाळी मोजा. १२.५ च्या वर टिकली आणि सेल्फ मारताना व्होल्टेज १० च्या खाली गेलं नाही तर अजून चालेल. एका रात्रीत बाराच्या आसपास आली तर एखादा सेल गेलाय, मग बदलण्याशिवाय इलाज नाही. तशी वेळ आली तरी तुम्ही सुट्टीवर येणार असाल तेव्हाच घ्या, आधी घेऊन ठेवू नका. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू होते आणि नवी बॅटरीही उभ्या गाडीत तशीच उतरेल. घेताना डब्यावरची उत्पादनाची तारीख वाचून घ्या, दुकानात सहा महिने पडलेली नको, आणि आहे तेवढ्याच एएचची घ्या.