मागून आवाज येतोय? आधी ऐका, मग उघडा

गाडीचं आणि गावाचं नाव बदलतं, पत्र तेच असतं. मागून आवाज येतोय, मेस्त्री म्हणतो क्राऊन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधली मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकाची जोडी) गेलं, टाकू का नवीन? गाडी न बघता मी काय सांगणार? पण निदान चुकीची वस्तू तरी बदलली जाऊ नये, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

बोलेरो आहे. ६०च्या पुढे गेलं की मागून 'हूंऽऽ' असा आवाज येतो. डिफरन्शियलच ना? (सातारा)

असेल, नसेलही. (डिफरन्शियल म्हणजे मागच्या ॲक्सलच्या मधला गिअरचा संच, इंजिनची ताकद तिथून दोन्ही चाकांना जाते. क्राऊन-पिनियन त्यातच असतं.) सपाट, रिकाम्या रस्त्यावर ६०-७०ला गाडी न्या. शेजारी जाणकार माणूस बसवा, ऐकायचं काम त्याचं. रेस द्या, मग सोडा. रेस देताना किंवा सोडताना आवाज ठळक बदलला, एकीकडे कण्हली आणि दुसरीकडे गप्प झाली, तर संशय क्राऊन-पिनियनवर किंवा पिनियनच्या बेअरिंगवर. रेसचा काही परिणाम नाही, फक्त वेगाबरोबर घरघर वाढते, तर चाकाचं बेअरिंग किंवा हाउसिंगमधली (म्हणजे डिफरन्शियलच्या कवचातली) बाजूची बेअरिंगं. गाडी हलकेच डावी-उजवी झुलवल्यावर आवाज कमी-जास्त झाला तर चाकाचं बेअरिंग आधी बघा. आणि डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाजाची जातच बदलली तर तो टायर आहे. खड्डे-खड्डे झिजलेला टायर बेअरिंगसारखाच घुमतो. पुढचे टायर मागे टाकून बघायला फारसा खर्च नाही, पण हे कोणी करत नाही, कारण त्यात बिल होत नाही. एवढं तपासून मगच हाउसिंग उघडायला द्या.

स्विफ्टच्या मागच्या डिफरन्शियलमधून आवाज येतो. अंदाजे खर्च किती? (ठाणे)

स्विफ्टला मागे डिफरन्शियल नसतं. मागच्या चाकांची बेअरिंगं तपासून घ्या.

ईकोच्या हाउसिंगमध्ये ९० ऐवजी १४० नंबरचं जाड ऑइल टाकलं की आवाज जातो, असं शेजारच्यांनी सांगितलं. टाकू का? (अहिल्यानगर)

नका टाकू. आवाज दबेल, झीज थांबणार नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात ही चलाखी फार जुनी आहे. पूर्वी लोक हाउसिंगमध्ये लाकडाचा भुसा भरायचे, केळी कोंबल्याचेही किस्से आहेत. गाडी विकली जाईपर्यंत गप्प राहिली की झालं. म्हणून जुनी गाडी घेताना मागचं ऑइल थोडं काढून बघा. लापशीसारखं घट्ट निघालं तर नमस्कार करून घरी या.

ऑइल कोणतं, हे शेजारी नाही, गाडीचं पुस्तक सांगतं. बहुतेक ठिकाणी ८०-९० किंवा ७५-९० आणि 'जीएल-५' असं लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये पिनियन सहसा क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर फिरतातच, शिवाय घासतातही, म्हणून तिथे जादा दाब सोसणारं ऑइल लागतं. नुसता जाडपणा कामाचा नाही.

इनोव्हा क्रिस्टा टॅक्सी आहे. गिअर टाकून क्लच सोडला की मागून 'टक्' होतं. (पनवेल)

आधी प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस जॉइंट बघायला सांगा. ते स्वस्त असतात आणि जास्त वेळा तेच निघतात. तिथे काही नसलं तर मग डिफरन्शियलमधला प्ले, म्हणजे दातांमधली मोकळीक.

सुमोला दोन महिन्यांपूर्वी नवा क्राऊन-पिनियन बसवला. आता जुन्यापेक्षा जास्त वाजतो. मेस्त्री म्हणतात, 'नवा आहे, सेट व्हायला वेळ लागेल.' किती वाट बघू? (सांगली)

अजिबात बघू नका. हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. क्राऊन-पिनियन रस्त्यावर सेट होत नसतो, तो टेबलावर सेट करायचा असतो.

क्राऊन आणि पिनियन ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासूनच जुळवतात आणि दोन्हींवर जोडीचा नंबर कोरतात. एकाचा क्राऊन, दुसऱ्याचा पिनियन असा भंगार बाजारातला संसार कधी गप्प बसत नाही. जोडी बरोबर असली तरी पिनियन किती आत बसायचा ते शिम (पातळ चकत्या) ठरवतात, आणि जुन्या हाउसिंगचे शिम डोळे झाकून नव्या जोडीला चालत नाहीत. मग पिनियनच्या बेअरिंगवरचा ताण. बऱ्याच हाउसिंगमध्ये तिथे एक दबणारी नळी असते. नट आवळला की ती दबते, आणि ती एकदाच वापरायची. नट जास्त आवळला गेला तर थोडा सैल करून भागत नाही, नळी नवी टाकावी लागते. मी ज्या उस्तादांच्या हाताखाली शिकलो, ते आम्हा पोरांना त्या नटाला हातही लावू देत नसत.

त्यानंतर दातांमधला प्ले. तो डायल गेजने (बारीक माप दाखवणाऱ्या काट्याच्या यंत्राने) मोजतात, क्राऊन फिरवून तीन-चार ठिकाणी. बऱ्याच गाड्यांना तो ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास असतो, नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकातला. बोटाने हलवून 'बरोबर आहे' म्हणणाऱ्या माणसाला ०.१ मिलिमीटर कळतो यावर माझा विश्वास नाही. शेवटी दातांना रंग लावून फिरवायचं आणि ठसा बघायचा. ठसा दाताच्या मध्यावर हवा. कडेला सरकला असेल तर गाडी रस्त्यावर रडणारच.

तुमची दोन महिने चुकीच्या ठशावर चालली आहे. दात त्याच जागी झिजले असतील, तर आता सेटिंग करूनही आवाज पूर्ण जाईल अशी हमी मी देणार नाही. डायल गेज असलेल्या, डिफरन्शियलचंच काम करणाऱ्या माणसाकडे न्या, ठसा तुमच्यासमोर घ्यायला लावा. आणि यापुढे कुठेही काम केलं तरी काढलेले भाग परत मागा. बेअरिंग बदलून पूर्ण सेटचं बिल फाडलेलं मी पाहिलं आहे.

वळतानाच आवाज येतो, सरळ जाताना नाही. (पुणे, जुनी स्कॉर्पिओ)

फोर-बाय-फोर असेल तर कोरड्या डांबरावर तो गिअर लागून राहिलेला नाही ना, आधी ते बघा. नसेल, तर डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर किंवा त्यांचे वॉशर झिजले असावेत. ते काम आतलं आहे, उघडूनच कळेल.

पुराच्या पाण्यात गाडी ॲक्सलच्या वर बुडाली होती. आवाज थोडाच आहे. दिवाळीनंतर दाखवलं तर चालेल? (चिपळूण)

नाही. आजच. हाउसिंगला श्वास घ्यायला एक छोटी नळी किंवा टोपी असते. गरम हाउसिंग पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि तिथून किंवा सीलमधून पाणी ओढलं जातं. ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं तर समजा पाणी शिरलं. ते बेअरिंगला गंज आणतं. ऑइल काढा, नवं भरा, काही दिवसांनी पुन्हा बदला, आणि काढलेल्या ऑइलमध्ये चमकणारा कीस दिसला तर थेट गॅरेज.

आवाज मोठा आहे, पण गाडी चालतेय. पुढच्या आठवड्यात घरच्यांना घेऊन तुळजापूरला जायचंय. जमेल ना? (बार्शी)

किती किलोमीटर चालेल हे मी सांगू शकत नाही, आणि छातीठोकपणे सांगणाऱ्याचं तुम्ही ऐकू नका. पिनियनचं बेअरिंग वेगात जाम झालं तर मागची चाकं चालत्या गाडीत अडकू शकतात. ऑइलची पातळी आणि पिनियनचं सील उद्या सकाळीच कोणाला तरी बघायला सांगा. तुळजापूरला एसटीने जा.