भूलतज्ज्ञ व्हायचंय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मुलगी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला अ‍ॅनेस्थेशियात एमडी करायचंय. नातेवाईक म्हणतात, एवढं शिकून सर्जनच्या हाताखाली काय राबायचं? स्वतःचा दवाखाना नाही, पेशंटला नावही माहीत नसतं. काय करावं?
— एक पालक, बार्शी

दवाखान्याची पाटी नसते आणि पेशंट बरा झाला की पेढे सर्जनकडे जातात, हे नातेवाइकांचं म्हणणं खरं आहे. हाताखालचं काम मात्र म्हणू नका. ऑपरेशन आज करायचं की पुढे ढकलायचं, यात भूलतज्ज्ञाचा शब्द सर्जनइतकाच चालतो. टेबलावर पेशंटचा श्वास, रक्तदाब आणि शुद्ध या तिन्हींची जबाबदारी त्याचीच असते.

या कामाचा मोठा भाग पेशंट टेबलावर येण्याआधीच होतो. तपासणीत तोंड उघडून जीभ बाहेर काढायला सांगतात आणि घशातलं काय-काय दिसतं त्यावरून १ ते ४ अशी श्रेणी देतात. ती मूळचे भारतीय असलेले डॉ. मल्लमपती यांच्या नावाने ओळखली जाते. चौथ्या श्रेणीत पडजीभ दिसतच नाही. तिथे श्वासनळीत नळी घालणं अवघड जाऊ शकतं, म्हणून तयारी आधीच करावी लागते. मान किती मागे जाते, दात हलतो का, कवळी आहे का, रक्त पातळ करणारी गोळी शेवटची कधी घेतली, हे सगळं विचारायचं.

मग उपाशी राहण्याचा हिशेब: साधं पाणी २ तास आधीपर्यंत, अंगावरचं दूध ४ तास, वरचं दूध किंवा हलका नाश्ता ६ तास, तळलेलं आणि मटण ८ तास. ‘काही खाल्लं नाही, फक्त चहा घेतला’ म्हणणारा पेशंट जवळजवळ रोज भेटतो. आपला चहा दुधाचा, म्हणून तो ६ तासांत धरायचा. पोटातलं बेशुद्धीत वर येऊन फुप्फुसात गेलं तर साध्या हर्नियाची केस आयसीयूत जाते. अशा वेळी ‘थांबा’ म्हणायला लागतं, समोर कितीही ज्येष्ठ सर्जन असला तरी. तुमच्या मुलीला हे जमेल का, एवढं तिला विचारा. पाटीचा प्रश्न त्यानंतरचा.

पेशंटशी वर्षानुवर्षांचं नातं हवं असेल तर ही शाखा तिला रुचणार नाही. ज्याला औषधाचा परिणाम मिनिटाभरात डोळ्यांसमोर पाहायला आवडतो, तो इथे रमतो.

इंटर्नशिप चालू आहे. एमडी, डीएनबी की डीए? आणि कॉलेज कसं निवडायचं?
— एक इंटर्न, नांदेड

तिन्हींचं दार एकच, नीट-पीजी ही एमबीबीएसनंतरची प्रवेश परीक्षा. २०० प्रश्न, ८०० गुण, बरोबर उत्तराला ४, चुकलं तर १ वजा. २०२४ पासून पेपर ४०-४० प्रश्नांच्या पाच भागांत येतो, प्रत्येकाला ४२ मिनिटं. वेळ संपली की मागच्या भागात जाता येत नाही. ‘नंतर बघू’ म्हणून प्रश्न सोडायची सवय असेल तर ती सराव परीक्षेतच मोडा. सरकारी कॉलेजातल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून एमसीसी (केंद्राची प्रवेश समिती) भरते, उरलेल्या राज्याच्या सीईटी सेलकडून. दोन्हीकडे नोंदणी वेगळी असते.

एमडी आणि डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदव्युत्तर पदवी) ३ वर्षांचे, डीए (भूलशास्त्राचा डिप्लोमा) २ वर्षांचा. डीए करून पुढे दोन वर्षांचा डीएनबी करता येतो, पण त्यासाठी पुन्हा प्रवेश परीक्षा आहे. आमचं मत स्पष्ट आहे: रँकमध्ये एमडी किंवा डीएनबी बसत असेल तर डीए घेऊ नका. एक वर्ष वाचल्यासारखं वाटतं, पण कॉलेजात शिकवायचं किंवा कार्डिअ‍ॅक, न्यूरो, क्रिटिकल केअरमध्ये डीएम (एमडीनंतरची अतिविशेष पदवी) करायचं ठरलं की ते वर्ष व्याजासकट द्यावं लागतं.

कॉलेजची इमारत बघू नका, केसेस बघा. दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला (तिथे एमडी करणाऱ्या डॉक्टरला) गाठून विचारा. एपिड्युरल (पाठीत घालायची बधिर करणारी बारीक नळी) तू स्वतः घालतोस की नुसता बघतोस? सोनोग्राफीवर नर्व्ह ब्लॉक (नसेपाशी औषध देऊन तेवढाच भाग बधिर करणं) होतात का? लहान मुलांची लिस्ट आठवड्यातून किती वेळा? रात्री ट्रॉमाची (अपघाताची) केस आली तर सीनियर खोलीत येतो की फोनवर सांगतो? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘फोनवर’ असं आलं तर तिथे आत्मविश्वास लवकर येईल आणि चुकीच्या सवयीही तितक्याच लवकर लागतील. आणि सरकारी जागा घेताना बाँडची (शिकून झाल्यावर सरकारी सेवा करण्याची) अट माहितीपुस्तिकेत स्वतः वाचा, मित्राने सांगितली म्हणून धरू नका.

पहिल्या वर्षाला आहे. इंट्युबेशन (श्वासनळीत नळी घालणं) फसतं, हात थरथरतात. शाखा बदलावी का?
— एक रेसिडेंट, छत्रपती संभाजीनगर

नको. तुमचा हात बहुतेक ठीक असेल, तयारीत काहीतरी राहत असेल. आधी डोक्याखाली ८ ते १० सेंटिमीटरची उशी, आणि बाजूने पाहिलं तर कानाचं भोक व छातीच्या हाडाची वरची खाच एका आडव्या रेषेत. स्थूल पेशंटला नुसती उशी पुरत नाही, खांद्यांखालीही उतार करावा लागतो. मास्क घट्ट बसवून ३ मिनिटं ऑक्सिजन. ही तीन मिनिटं घाईत कापली जातात आणि नंतर तीच कमी पडतात.

लॅरिंगोस्कोप (स्वरयंत्र बघायचं दिव्याचं पातं) डाव्या हातात, तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून आत, जीभ डावीकडे सारत. पात्याचं टोक जिभेच्या मुळाशी पोचलं की मूठ जिकडे रोखलेली आहे त्या दिशेने उचला. मनगट मागे वाकवलंत तर वरच्या दातांवर पहार लावल्यासारखं होतं: दात तुटतो आणि स्वरयंत्र काही दिसत नाही. नवख्यांची सगळ्यात नेहमीची चूक हीच. नळी दातांपाशी बाईला साधारण २१, पुरुषाला २३ सेंटिमीटरवर. त्याहून खोल गेली तर ती उजव्या फुप्फुसात उतरते.

नळी अन्ननलिकेत गेली तरी बोटावरचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) काही मिनिटं ९९ दाखवू शकतं, कारण आधी दिलेला ऑक्सिजन फुप्फुसात शिल्लक असतो. म्हणून सॅच्युरेशनच्या भरवशावर राहू नका, कॅप्नोग्राफची (बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राची) लाट सलग उमटतेय का ते बघा. एकदा फसलं तर मास्कने श्वास द्या, मग काहीतरी बदलून पुन्हा बघा: उशी, पातं, बूजी (नळीला वाट दाखवणारी लवचीक कांडी). तेच तसंच पुन्हा करण्यात अर्थ नाही. तिसऱ्या प्रयत्नाच्या आत सीनियरला हाक मारायची. तोवर एलएमए (घशात बसवून श्वास द्यायचा मास्क) उघडून हाताशी असू द्या.

एमडी झालं. गावाकडे फ्रीलान्स प्रॅक्टिस करायची आहे. नर्सिंग होममध्ये काय बघावं?
— एक भूलतज्ज्ञ, चाळीसगाव

ऑक्सिजन सर्वांत आधी. ‘भरलेला आहे, सर’ हे वाक्य ऐकून घ्या आणि गेज स्वतः बघा. भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर असतो. दाब निम्मा म्हणजे वायूही निम्मा, मिनिटाला १० लिटरने सव्वा तास. नायट्रसला (नायट्रस ऑक्साइड, भुलेचा वायू) हा हिशेब लागू नाही. तो आत द्रवरूपात असतो, त्यामुळे द्रव संपेपर्यंत काटा जागचा हलत नाही आणि मग एकदम पडतो. दुसरा भरलेला सिलिंडर आणि त्याची चावी खोलीतच हवी. चावी वॉचमनकडे असली तर दुसरा सिलिंडर नाही असंच समजा.

मग सक्शन (घशातलं पाणी-स्राव ओढून घेणारं यंत्र) चालवून बघा, इन्व्हर्टरवर मॉनिटर टिकतो का ते बघा. लॅरिंगोस्कोप, जादा बॅटऱ्या, बूजी, एलएमए, अ‍ॅम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) स्वतःच्या बॅगेत ठेवा. फेंटॅनिल (तीव्र वेदनाशामक) मात्र बॅगेत घालून हिंडायचं औषध नाही. ते एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखाली येतं, नोंद आणि साठा मान्यताप्राप्त संस्थेकडेच राहतो.

सिझेरियनच्या ट्रेकडे खास लक्ष द्या. स्पायनलचं (पाठीत टोचून कमरेखालचा भाग बधिर करायचं) हेवी ब्युपिव्हॅकेन आणि रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड, दोन्ही पाण्यासारखी, अँप्यूल दिसायला जवळजवळ सारखे, आणि या केसला दोन्ही लागतात. ट्रॅनेक्झामिक चुकून पाठीत गेलं तर पाठ-कंबरेत असह्य कळा, झटके, हृदयाचे ठोके बिघडणं, आणि मृत्यूही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने यावर इशारा दिला होता. उपाय फुकटचा आहे: ट्रॅनेक्झामिक स्पायनलच्या ट्रेपासून दूर दुसऱ्या जागी, आणि अँप्यूल फोडण्याआधी लेबल मोठ्याने वाचायचं. सिस्टर हसल्या तर हसू द्या.

एका केसमधून दुसऱ्या गावी पळण्याची घाई सगळ्यात महागात पडते. पुढचा सर्जन फोनवर फोन करत असतो, आणि इथे पेशंट नुसता डोळे उघडून बघत असतो. हाक मारल्यावर नीट उत्तर देतो, श्वास पुरेसा आहे, रक्तदाब स्थिर आहे, आणि जबाबदार माणूस शेजारी आहे, एवढं झाल्याशिवाय गाडीची चावी खिशातून काढू नका. भुलेची संमती वेगळी, मराठीत, पेशंटला वाचून दाखवून घ्या. फी पहिल्याच केसला ठरवा. महिन्याअखेरीला बघू म्हटलं की महिनाअखेर पुढे सरकत राहते. इन्डेम्निटी विमा (पेशंटने नुकसानभरपाईचा दावा केला तर कामी येणारा) आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जादा पदवीची नोंद पहिली केस घेण्याआधी झालेली असावी.

नीटला कमी गुण पडले. बीएस्सी अ‍ॅनेस्थेशिया टेक्नॉलॉजी केली तर भूल देता येते का?
— बारावी झालेला विद्यार्थी, परभणी

नाही. मशीन तपासणं, सर्किट जोडणं, औषधं-नळ्या तयार ठेवणं, केस चालू असताना भूलतज्ज्ञाला मदत करणं, एवढं तुमचं काम. स्वतंत्रपणे भूल देणं कायद्यात बसत नाही, काही ठिकाणी करायला सांगितलं तरी. काम मात्र चांगलं आहे आणि मोठ्या हॉस्पिटलांना प्रशिक्षित टेक्निशियन लागतातच. प्रवेश घेताना दोन गोष्टी विचारा: पदवी कोणत्या विद्यापीठाची, आणि इंटर्नशिप कोणत्या हॉस्पिटलात. ज्या संस्थेकडे स्वतःचं किंवा करार केलेलं चालू ऑपरेशन थिएटर नाही, तिथे फी भरू नका.