चुनखडीचे प्रकार भूवैज्ञानिक कसे ठरवतात?

रंगावरून नाही, एवढं आधी लक्षात घ्या. चुनखडी पांढरी, करडी, अगदी काळीही असते. खरा प्रश्न पोताचा: दगडात कण (शिंपल्यांचे तुकडे वगैरे) किती, आणि त्यांच्यामध्ये काय भरलंय?

सर्वाधिक वापरली जाते ती डनहॅम या भूवैज्ञानिकांची १९६२ची पद्धत. चुन्याचा चिखलच (म्हणजे अगदी बारीक गाळ) जास्त आणि कण १० टक्क्यांहून कमी, तर मडस्टोन. कण त्याहून जास्त पण चिखलात सुटेसुटे रुतलेले, तर वॅकस्टोन. कण एकमेकांना टेकलेले आणि फटींत चिखल, तर पॅकस्टोन. चिखल नसेलच तर ग्रेनस्टोन. प्रवाळांसारखे जीव वाढतानाच एकमेकांत बांधले गेले असतील तर बाउंडस्टोन. गंमत म्हणजे नावातच जुन्या समुद्राचा अंदाज येतो: चिखल टिकला तर पाणी बहुधा शांत, धुऊन गेला तर लाटांचा किंवा प्रवाहाचा मारा.

फोक या दुसऱ्या भूवैज्ञानिकांची पद्धत कण कसले आहेत तेही सांगते. जीवाश्मांचे तुकडे आणि बारीक चिखल म्हणजे बायोमायक्राइट. गोल ओऑइड कण (थरावर थर चढून बनलेले बारीक गोळे) आणि मध्ये कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडीतल्या मुख्य खनिजाचे, स्वच्छ स्फटिक म्हणजे ओओस्पॅराइट. नावं नेमकी, पण त्यासाठी बहुतेकदा दगडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. डनहॅमचं काम पुष्कळदा भिंगावर भागतं, म्हणून फील्डवर मी तीच वापरेन.